पेन थांबलं ती ओळ

दहावीच्या मुलाला गणितात मदत करायची म्हणजे गणित सोडवून द्यायचं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. आई-वडिलांचा आहे, मुलांचा आहे, आणि क्लासवाल्यांचा तर त्यावर धंदाच आहे. माझं मत जरा वेगळं आहे आणि ते आज सविस्तर लिहून टाकावं म्हणतो. (पुण्याच्या मावशीने परवा फोनवर विचारलं, "निवृत्त झालास, आता दिवसभर करतोस तरी काय?" मावशी, हे घे उत्तर. लांबलचक आहे, चहा घेऊन बस.)

आधीच सांगतो, मी शिक्षक नाही. सरकारी नोकरीत आकडेमोड करण्यात आयुष्य गेलं, तेवढीच पात्रता. डिसेंबर संपत आला की आमच्या ओसरीवर संध्याकाळी सात ते नऊ पाच-सात मुलंमुली येऊन बसतात. गल्लीतली असतात, कुणी जवळच्या खेड्यातून शिकायला येऊन नातेवाइकांकडे राहिलेली असतात. फी नाही, हजेरी नाही. गाव धाराशिव. (माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच बसलेलं आहे. नाव अधिकृतपणे बदललं २०२३ साली. तोंड बदलायला वेळ लागणार.)

या मुलांना मी एकच अट घातली आहे. अडलेलं गणित आणू नका, पेन जिथे थांबलं ती ओळ आणा.

पहिल्या आठवड्यात कुणालाच हे पटत नाही. "काका, समदंच येइना," असं म्हणून वही पुढे सरकते. वहीत प्रश्न उतरवलेला आणि खाली पान कोरं. पण "समदंच" कधीच येत नसतं असं होत नाही. एक उदाहरण देतो. पाठ्यपुस्तकात अंकगणिती श्रेढीत एक साधा प्रश्न आहे: दोन अंकी संख्यांपैकी किती संख्यांना ४ ने भाग जातो? मी विचारतो, अशी सगळ्यात लहान संख्या कोणती? १२. सगळ्यात मोठी? थोडा वेळ जातो, कुणी ९८ म्हणतं, कुणी ९९, मग ९६ येते. मग? "९६ वजा १२, ८४. भागिले ४, एकवीस." आणि उत्तर आहे २२.

आता इथे दोन प्रकारची मदत करता येते. एक म्हणजे सूत्र लिहून द्यायचं, त्यात एक वजा कुठे आणि अधिक कुठे ते दाखवायचं. तीन मिनिटांत काम संपतं, मुलगा खूश, मीही खूश, आणि पुढच्या गणितात तोच एक पुन्हा हरवतो. दुसरी मदत जरा वेळखाऊ. मी त्या मुलाला विचारलं, तुमच्या शेताला तारेचं कुंपण आहे का? आहे. एका बाजूला एकवीस गाळे असतील, तर खांब किती लागतील? त्याने बोटांनी हवेत तीन-चार खांब रोवले, आणि म्हणाला, "बावीस. शेवटचा खांब बी लागतोय की." त्यानंतर त्या सूत्रातला एक त्याने कधी हरवला नाही. मी सांगितलं काहीच नाही. शेवटचा खांब त्याने स्वतः रोवला.

पेन थांबण्याच्या जागा ठरलेल्या असतात, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं. वर्गसमीकरणाच्या सूत्रात खालचा २अ फक्त वर्गमुळाच्या खाली लिहायचा आणि अलीकडची संख्या मोकळी सोडायची, हे दरवर्षी निम्मी मुलं करतात. शाब्दिक उदाहरणात तर गंमतच. शेताची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त, क्षेत्रफळ १५० चौरस मीटर, तर रुंदी काढा. समीकरण मांडतात, अवयव पाडतात, उत्तरं येतात १० आणि उणे १५. आणि दोन्ही लिहून, दोन्हींना चौकट करून मोकळी होतात! उणे पंधरा मीटर रुंदीचं शेत तलाठी सातबाऱ्यावर कसं चढवील, एवढं विचारलं की हसतात आणि खोडतात. आकडा आला की विचार थांबवायचा, ही सवय त्यांना जन्मजात नाही. आपण लावलेली आहे.

आता परीक्षेकडे वळू, कारण शेवटी मुलं परीक्षेसाठी येतात, माझ्या गप्पांसाठी नाही.

२०१९ च्या मार्चपासून दहावीला नवीन अभ्यासक्रमाची परीक्षा सुरू झाली. गणित भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण, दोन तास. शाळेकडचे २०. पूर्वी सामान्य गणित नावाचा सोपा पर्याय होता, तो या अभ्यासक्रमात राहिला नाही. आता सगळ्यांना एकच पेपर. त्या चाळीस गुणांची रचना मी मुलांना पहिल्याच दिवशी पाठ करायला लावतो. पहिला प्रश्न ८ गुणांचा, एकेका गुणाचे. दुसरा १२ चा, दोन-दोन गुणांचे. तिसरा ९ चा, तीन-तीन गुणांचे. चौथा ८ चा, चार गुणांची दोन गणितं. पाचवा ३ चा, जरा डोकं चालवायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात 'कृती' असतात, म्हणजे उदाहरण सोडवूनच दिलेलं असतं, मधल्या चौकटी भरायच्या.

हे सांगायचं कारण वेगळंच आहे. समजा शाळेकडच्या २० पैकी १६ मिळाले. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ३५ लागतात. म्हणजे दोन्ही पेपर मिळून ८० पैकी १९ पाहिजेत. नुसता पहिला प्रश्न दोन्ही पेपरांत नीट केला तर १६ होतात. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा एका मुलाने तो दोनदा तपासून पाहिला. त्याला वाटत होतं मी त्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतोय. नववीपासून त्याला घरी, शाळेत, सगळीकडे सांगितलेलं होतं की गणितात तू जाणार. एवढ्या मोठ्या भीतीच्या खाली १९ हा आकडा आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

इथे आमचे काही मित्र नाक मुरडतात. पस्तीस गुणांसाठी शिकवणं म्हणजे काय शिकवणं, असा सूर असतो. मला तो सूर आवडत नाही, आणि स्पष्टच सांगायचं तर तो पोट भरलेल्यांचा सूर आहे. आमच्या जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम भागातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. आई-बाप कारखान्यावर, मुलं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. म्हणजे दहावीच्या अभ्यासाचा जो मुख्य काळ, त्यात घरात विचारायला कुणी नाही. असाच एक मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे यायचा. त्याची आजी एकदा ओसरीच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "पोरगं पास हुईल का तेवढं सांगा, म्हंजी त्याला कोयता द्यायचा का न्हाई ते ठरवता येईल." तिला टक्के नको होते. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी पास लागते, आणि मुलगा आयटीआयला गेला तर कोयत्याला जात नाही, एवढं तिला ठाऊक होतं. त्या मुलासाठी पस्तीस आणि चौतीस यांच्यामधलं अंतर एका गुणाचं नाही. तो पास झाला, इलेक्ट्रिशियनला गेला. गणितात एक्केचाळीस पडले होते.

तर मुद्दा असा की पास होण्यासाठी शिकवायला मला लाज वाटत नाही. मात्र पास होण्यासाठी *घोकायला* लावणं मला पटत नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असं जे धरून चालतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

शेजारी लातूर. लातूर पॅटर्नचं नाव कुणी ऐकलं नाही असं होणार नाही. बोर्डाची गुणवत्ता यादी निघायची त्या काळात या पॅटर्नचा महाराष्ट्रभर दबदबा होता, आणि त्याचं मर्म तसं साधं होतं: अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग प्रश्नपत्रिका सोडवायच्या, तपासायच्या, चुका दाखवायच्या, पुन्हा सोडवायच्या. यातला 'तपासायच्या आणि चुका दाखवायच्या' हा भाग कष्टाचा. नक्कल करणाऱ्यांनी तेवढाच गाळला आणि उरलेलं घेतलं. मग उरतं काय? अपेक्षित प्रश्नसंच. एकवीस संच, पन्नास संच, मागे उत्तरं. मुलगा प्रश्न वाचतो, मागचं उत्तर वाचतो, मान हलवतो, पुढे जातो. दिवसाला दोन संच "झाले". गणित वाचून झालं म्हणणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहून झालं म्हणण्यासारखं आहे.

प्रश्नसंचांवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवतो. २०२१ मध्ये करोनाच्या काळात राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने प्रश्नपेढी काढली होती, ती मी अजून वापरतो. (त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला, ही गोष्ट निराळी.) पाठ्यपुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो, तो तर उत्तमच. बाजारातलं एकही पुस्तक न घेता नुसते संकीर्ण प्रश्नसंग्रह हाताने सोडवले तरी बरंच काम होतं. प्रश्न चांगलेच असतात. तोटा मागच्या पानावरच्या उत्तराचा असतो. म्हणून मी संच घेतो आणि उत्तरांची पानं स्टेपलरने बंद करून टाकतो. मुलं चिडतात. चिडू देत.

आमच्या जिल्ह्याला परीक्षेची एक जुनी गोष्ट आहे. तेर इथून जेमतेम तासाच्या अंतरावर. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते सांगितलं, ही कथा इकडे लहान पोरालाही ठाऊक असते. बाकी सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले, आणि तेच कच्चे ठरले. शिकवताना मला त्या कथेतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कच्चं म्हटलं म्हणून कुणी नामदेवांना उकिरड्यावर टाकलं नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले. कुंभार मडकं थापटतो ते कुठे कच्चं आहे ते कळावं म्हणून. आपल्याकडच्या सराव परीक्षांत थापटणं जोरात चालतं, आवाज गावभर जातो, आणि कच्चं कुठे आहे ते मात्र कुणी सांगत नाही. उत्तरपत्रिकेवर लाल शाईत "१३" आणि खाली सही. तेरा का? कुठल्या ओळीला पेन थांबलं? त्याचं उत्तर नाही.

बरं, पेन दर वेळी गणितामुळेच थांबतं असंही नाही. ही गोष्ट मला मुलांनी शिकवली.

त्रिकोणमितीत एक उदाहरण आहे. ९० मीटर उंचीच्या दीपगृहावरून एक माणूस जहाजाकडे बघतो, अवनत कोन ६० अंश, तर जहाज दीपगृहापासून किती लांब? एक मुलगी आकृतीच काढेना. कोन माहीत, ६० अंशाच्या टॅनची किंमत पाठ, तरी पेन हलेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दीपगृह म्हणजे काय तेच ठाऊक नाही. तिला वाटलं दिवे लावायचं देवघर. कसं ठाऊक असणार? आमच्याकडे समुद्र नाही, तेरणा आणि मांजरा आहेत, त्याही उन्हाळ्यात नावालाच. मग मी तिला भूम-वाशीकडच्या माळावरची पवनचक्की घेऊन दिली. पवनचक्कीच्या टोकावर चढलेला माणूस खाली उभ्या बैलगाडीकडे बघतोय. दोन मिनिटांत आकृती, चार मिनिटांत उत्तर, सुमारे ५२ मीटर. वर तिनेच विचारलं, "काका, जहाज एवढं जवळ आलं तर खडकावर आपटंल की?" खरंच की! इतकी वर्षं ते गणित सोडवतोय, ५२ मीटरवर जहाज म्हणजे कप्तानाची नोकरी गेली, हे कधी मनात आलं नव्हतं.

तसंच संभाव्यतेचं. बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तो चित्रयुक्त असण्याची संभाव्यता काढा. पुस्तक लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलंय की पत्ते सगळ्यांनी बघितलेत. मुलांनी बघितलेले असतात, पारावर. मुलींनी बहुतेक वेळा नाही. चांगल्या घरात पत्ते येत नाहीत. मग चित्रयुक्त पत्ते बारा, हे त्या पाठ करतात आणि परीक्षेत "लाल रंगाचा राजा" विचारला की अडतात. मी सरळ एक पत्त्यांचा जोड विकत आणला. चौकट, बदाम, इस्पिक, किलवर मांडून दाखवले. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील शांतपणे विचारायला आले, "ऐकलं, तुमच्याकडं पोरी पत्ते खेळायल्यात?" त्यांना पाठ्यपुस्तकातलं पान दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं, आणि म्हणाले, "सरकारचं काय खरं न्हाई."

शब्द अडतात ही गोष्ट काही नवी नाही. आमचे आजोबा निजामाच्या काळात शिकले, शिक्षण उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, मराठी शाळा आल्या, पण आजोबा शेवटपर्यंत हिशेब मनात उर्दूतच करायचे. बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी तफरीक, गुणाकार जर्ब, भागाकार तकसीम. (आत्त्या, तुला आठवत असेल, दुधाचा हिशेब करताना पुटपुटायचे ते.) घरातल्या एकालाही ते शब्द कळत नसत, पण हिशेबात पैचा फरक नसे. म्हणून एखादं पोर 'अवनत कोन' या शब्दापाशी थबकलं तर मी त्याला ढ म्हणत नाही. आधी शब्द सोडवून देतो. गणित त्याने सोडवायचं.

आता नवीन प्रकार आला आहे मोबाइलचा. प्रश्नाचा फोटो काढायचा, ऍप पायऱ्यांसकट उत्तर देतं. मुलं विचारतात, मग तुमच्याकडे कशाला यायचं? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना म्हणतो, खुशाल वापरा, पण आधी कागदावर पेन थांबेपर्यंत स्वतः जा, आणि मग ऍपमधली फक्त पुढची एक ओळ बघा. एकच. बाकी हाताने झाका. काही जण झाकतात. बहुतेक जण झाकत नाहीत. हे प्रश्नसंचाचं मागचं पानच आहे, फक्त याला स्टेपलर लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र मला मनापासून बोलायचंय. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक कल्पना आली, त्यावर बरीच चर्चाही झाली. गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण २० च्या वर गुण असतील तर मुलाला अकरावीला जाऊ द्यायचं, फक्त गुणपत्रिकेवर शेरा मारायचा की याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत. हेतू चांगला आहे, मान्य. गणितापायी शाळा सुटलेली मुलं-मुली मी बघितली आहेत. मुलगी गणितात नापास झाली की पुढच्या मे महिन्यात तिच्या लग्नाची पत्रिका येते, हे आमच्याकडे गुपित नाही. तिला जर त्या शेऱ्यासकट कॉलेजात जाता आलं तर मी विरोध कशाला करू?

पण मला तो शेरा खुपतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या कागदावर कायमचं लिहून द्यायचं की याला गणित येत नाही. आणि ते कोण ठरवणार, तर ज्या व्यवस्थेने त्याचं पेन कुठे थांबलं हे कधी बघितलंच नाही ती. ज्या पोराने कुंपणाचे खांब मोजून बावीस सांगितले, त्याच्या सहामाहीच्या पेपरात नऊ गुण होते. नऊ गुण बघून शेरा मारायचा की बावीसवा खांब बघून? पुरवणी परीक्षा आहे, शाळेला उन्हाळ्यात चार आठवडे जादा वर्ग घेता येतील, शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरता येतील. ते सगळं खर्चिक आणि कटकटीचं आहे. शेऱ्याला फक्त शाई लागते.

असो. ज्यांना आपापल्या गावी असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी दोन-तीन बारीकसारीक गोष्टी. पायरीला गुण असतात, म्हणून गणित अर्धवट सुटलं तरी लिहायला लावा. कोरं पान सोडणं हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा रोग आहे. २०२३ पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात, ती फक्त चौकटीतली उत्तरं पुन्हा बघायला ठेवा. जीएसटीच्या गणितांत मुलं गोंधळतात, कारण आधी छापलेल्या पुस्तकांत १२ आणि २८ टक्के आहेत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते दर निघाले. किराणा दुकानदाराचा मुलगा हमखास वाद घालतो, त्याला वाद घालू द्या, मग पुस्तकातला दर घेऊन करायला सांगा. आणि पत्त्यांचा जोड जरा बऱ्यापैकी घ्या. आमच्या जोडातला इस्पिकचा राजा गेल्या आठवड्यापासून सापडत नाही. नवा आणतो म्हटलं तर मुलं म्हणाली नको, राहू द्या. त्यांनी सगळी उदाहरणं एक्कावन्न पत्त्यांवर नव्याने मांडली आहेत. राजा मिळण्याची संभाव्यता सध्या एकास सतरा आहे.